रिकाम्या पेल्यापाशी बसलेला उंदीर

मित्रांनो, मी एक म्हातारा काळा उंदीर आहे. वय पावणेदोन वर्षे. हसू नका, आमच्यात हे आजोबांचे वय असते.

माझा जन्म शहाद्याच्या एका कॉलेजातील प्रयोगशाळेत झाला. माझ्या मेंदूतल्या काही ठरावीक पेशींमध्येच एक जनुक बंद केलेले आहे. बाकी सगळ्या पेशींत ते चालू आहे. माणसांमध्ये त्या जनुकाचा ऑटिझमशी संबंध सापडला आहे. म्हणून इथे संशोधन करणाऱ्या चारुलताताई मी कसा वागतो हे वहीत लिहितात. माझ्या भावाचे जनुक मात्र शाबूत होते. आम्ही एकाच पिंजऱ्यात, एकमेकांच्या पाठीवर मान टाकून झोपायचो. मोठे झाल्यावर नर भांडतात, म्हणून आम्हाला वेगळे केले. आम्ही कधीच भांडलो नव्हतो, पण उंदराला विचारतो कोण!

मग माझी परीक्षा झाली. तीन खोल्यांची काचेसारखी पेटी. एका टोकाला जाळीच्या पेल्याखाली एक अनोळखी उंदीर, दुसऱ्या टोकाला नुसता रिकामा पेला. बहुतेक उंदीर सोबत्याकडे धावतात. मी परीक्षेची दहाही मिनिटे रिकाम्या पेल्यापाशी बसलो. ताईंनी वहीत लिहिले, ‘सोबत नको.’ लिहिताना त्यांचा हात थांबला. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा भूपेश ऑटिस्टिक आहे. तो फारसा बोलत नाही, आणि ताई कामावर आल्या की ब्राह्मणपुरीला आजीकडे राहतो. आपल्या मुलाला आपणही नको आहोत का, ही भीती त्यांना आतून पोखरत होती.

तेवढ्यात आमचे पिंजरे धुणाऱ्या बेबीबाई पुढे आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

“ताई, मन्ही चूक व्हयनी. याना भाऊना पिंजरामातला मूठभर भुसा मी त्या रिकामा पेलाखाले ठेवा व्हता.”

“मावशी! आखी टेस्ट वाया गई ना!”

“आमना कडे पोरगं नवा जागामा रडनं, का मायनं जुनं लुगडं त्याना जवळ ठेवतस. हाऊ एकलाच पडना, मन्हा जीव ऱ्हायना नही.”

परीक्षेआधी पेटी आणि पेले स्पिरिटने पुसायचे, कोणाचाही वास ठेवायचा नाही, हा नियम बेबीबाईंना पाठ होता. तरीही त्यांनी तो मोडला. ताई चिडल्या होत्या. त्यांनी पेला उचलला, खालचा मक्याच्या कणसाचा, माझ्या भावाच्या वासाचा भुसा पाहिला आणि स्टुलावर बसल्या. मग ब्राह्मणपुरीला फोन लावला.

“माय, भूपेश काय करी ऱ्हायना?”

पलीकडून भूपेशच्या आजीचा, शांतीबाईंचा, थकलेला आवाज आला. “पाहुणा घर उनात तैपासून मधली खोलीमा शे. तुन्ही ओढणी तोंडले लाई बठेल शे. सर्वा म्हनतस, याले माणसंच नको.”

“नही माय,” ताई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आले. “त्याले मी पाहिजे.”

त्या दिवशी ताई लवकर घरी गेल्या. वहीतली ती ओळ त्यांनी खोडली नाही. शेजारी काय चुकले ते लिहिले. काही दिवसांनी पेटी नीट पुसून परीक्षा पुन्हा घेतली. अनोळखी उंदराकडे मी तेव्हाही गेलो नाही, मधल्या खोलीतच बसलो. ते जनुक काहीतरी करतेच, मी खोटे कशाला बोलू? पण मला कोणीच नको होते, हे खरे नव्हते.

आता माझे डोळे मंद झाले आहेत. भाऊ कुठल्या पिंजऱ्यात आहे, आहे की नाही, मला ठाऊक नाही. त्याची फार आठवण येते. मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी एकटेच भिंतीकडे तोंड करून बसत असेल, तर त्याला ओढून गर्दीत आणू नका आणि ‘याला कोणी नको’ असे ठरवूनही टाकू नका. शेजारी थोडा वेळ गप्प बसा. तो कोणाची तरी वाट पाहत असेल.