निंबावरचा भोंगा आणि मखमलीतला माइक

मित्रांनो, मी एक जुना, लांब मानेचा पत्र्याचा कर्णा आहे. गावातले लोक मला भोंगा म्हणतात. म्हणू द्या बापडे. नावाचं मला दुःख नाही. माझं दुःख म्हणजे तो माइक.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं. आम्ही दोघंही खामगावहून एकाच खोक्यातून आलो. मोताळ्याच्या बाजाराला बैलगाडीनं जाणारं आमचं गाव. मारुतीच्या देवळात खोकं उघडलं, तर माइक निघाला मखमलीच्या डबीतून आणि मी निघालो गोणपाटातून. वामनरावांनी माइकला हळदकुंकू वाहिलं. मला कोणीतरी ठोकून पाहिलं, आवाज कसा येतो म्हणून. मित्रांनो, त्याच दिवशी माझ्या पोटात जे जळायला लागलं, ते आजतागायत विझलेलं नाही.

वामनराव मिरची-वांग्यांचा मळा करणारे. चार कीर्तनवेडी माणसं जमवून त्यांनी नादसेवा मंडळ काढलं. मंडळाचा नियम साधा होता: ज्याच्या गळ्यात काही आहे त्यानं यावं, माइकसमोर उभं राहावं आणि गावं. त्याबद्दल कोणाकडून काही घ्यायचं नाही, आणि काय गायचं तेही सांगायचं नाही. भजन, भारूड, गोंधळ, दर्ग्यावरची कव्वाली, सगळ्यांना वाट मोकळी. आवाज वाढवणारं मशीन देवळात बसवलं. वीज यायची भगवानरावांच्या कापसाच्या जिनमधून. भगवानराव तालुक्यातले पुढारी. देवाचं काम म्हणून त्यांनी लाइन फुकट दिली होती, हे मी मान्य करतो.

आता माझी जागा ऐका. देऊळ नाल्याच्या अल्याड. पल्याड वस्ती. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना, बाळंतिणींना नाला ओलांडून देवळात येणं व्हायचं नाही. म्हणून मंडळानं नाल्यावरून बांबूंच्या आधारानं तार नेली आणि मला वस्तीतल्या निंबाच्या झाडावर टांगलं.

म्हणजे बघा, माइक कीर्तनाच्या गादीपाशी, मी झाडावर. कीर्तनकाराचा श्वास त्याच्या तोंडावर पडायचा. बुक्क्याचा वास त्याला. अभंग आळवताना मिटलेले डोळे त्यानं पाहिले. मला काय? कावळ्यांची शीट आणि उन्हाचा तडाखा. गाणं माझ्यापर्यंत तारेतून यायचं, ते मी जसंच्या तसं वस्तीत ओतायचो. पण गाणारं माणूस मी कधी पाहिलं नाही. आणि कीर्तन संपल्यावर लोक काय म्हणायचे? “माइक काय झकास हाय!” वस्तीतली अंबूबाई तेवढी बाजेवर पडल्या पडल्या माझ्याकडं हात जोडायची. तिचे पाय अधू झाले होते. पण तीसुद्धा हात जोडायची ते माझ्यातून येणाऱ्या देवाच्या नावाला, हे मला कळत होतं.

एका वर्षी सप्ताहाला देऊळगाव राजाच्या कीर्तनकार सत्यभामाबाई आल्या. काय आवाज, मित्रांनो! उसाच्या रसात आलं घालावं तसा, गोड आणि वरून झणका. पहिल्याच अभंगाला माझा पत्रा शहारला. आणि तिकडे तो माइक त्यांच्या ओठांपासून वीतभर अंतरावर उभा! मी निंबावर जळून कोळसा झालो.

त्या संध्याकाळी बाईंनी एका राजाचं आख्यान लावलं. “राजानं पूल बांधला हो! पण नदी इकडं आणि पूल तिकडं. पूल थेट राजाच्या वाड्याच्या दारात. खालून पाणी नाही, वरून राजाची म्हैस जाते, आणि प्रजा आपली गळ्याएवढ्या पाण्यातून जयजयकार करते!”

वस्तीत हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कारण आमच्या नाल्यासाठी मंजूर झालेला पूल भगवानरावांनी आपल्या जिनच्या रस्त्यावर बांधून घेतला होता.

दुसऱ्या संध्याकाळी भगवानराव स्वतः देवळात आले, ते कीर्तन बंद पाडायलाच. पण आमच्या गावची एक रीत आहे. पूर्वरंग संपला की मध्ये थांबा असतो, कीर्तनकाराला हार घालतात. तो मान आमच्याकडं सगळ्यात शेवटी येणाऱ्याचा. उशिरा आलेल्यानं संकोचून दाराशी उभं राहू नये, म्हणून. वामनराव सवयीप्रमाणं माइकमधून बोलून गेले, “आत्ता भगवानरावसाहेब आले. हाराचा मान त्यायचा.”

सगळं देऊळ बघत होतं. साहेबांना हार घालावा लागला, रीतीप्रमाणं बाईंच्या पाया पडावं लागलं. वाकता वाकताच ते पुटपुटले, “बाई, त्या पुलाच्या राजाले आता गाडून टाका.” माइकनं ते नेमकं उचललं आणि मी ते वस्तीत पोचवलं.

बाई मायेनं म्हणाल्या, “दादा, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तो तर आख्यानातला राजा आहे.”

देवळातलं हसू तारेतून आलं, वस्तीतलं खालून आलं. त्या हसण्यात भगवानरावांचा आवाज चिरकला, “वामनराव, हे बाई गादीवरून काढा! नाई तं जिनची लाइन बंद.”

“साहेब, उद्याचं काल्याचं कीर्तन बाईचंच हाय,” वामनराव शांतपणे म्हणाले.

उत्तररंग रंगात आला आणि एका तानेच्या मध्यातच माझा गळा बसला. वीज गेली.

सकाळी निंबाखाली सगळे जमले. अंबूबाई बाजेवरून ओरडली, “काऊन बे तुळशीराम, भोंगा मुका काऊन झाला?” तुळशीराम मंडळाचं मशीन सांभाळायचा.

“आजी, जिनचा माणूस येऊन गेला. बाईले परत धाडलं तं दुपारपर्यंत लाइन देतो म्हन्ते.”

इंद्रभान गोंधळी पुढं झाला. आपलं संबळ माझ्यातून वाजतं याचा त्याला फार अभिमान. “मंग धाडा ना! एका बाईपायी आमी सारे काऊन मुके होऊन राह्यलो? पुढच्या महिन्यात माहा गोंधळ हाय. मले कोन ऐकन?”

इंद्रभानचं खोटं नव्हतं. वामनरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. “इंद्रभान, आज बाईले काढली. उद्या तुह्या गोंधळातलं एखादं कवन त्यायले टोचलं, मंग तुले काढू?”

इंद्रभान मान खाली घालून पायानं माती उकरत राहिला.

अंबूबाई म्हणाली, “मी काही देवळात येऊ शकत नाई बापा. तुमी तिकडं बिनमाइकचं कीर्तन करसान, ते तुमाले ऐकू येईन. माह्या कानात काय पडन? काला माहा हुकला म्हना!”

“मंग काला इथंच करू,” वामनराव उठले. “बाईले घेऊन येतो.”

सत्यभामाबाई साडी खोचून, टाळ डोक्यावर धरून नाला ओलांडून आल्या. त्यांच्यामागं अर्धं गाव आलं. वस्ती मोठी, माणसं पार मागच्या उकिरड्यापर्यंत उभी. तेवढ्या दूर गळा कसा पोचणार? तेव्हा इंद्रभानच सरसर झाडावर चढला. त्यानं मला खाली आणलं, माझ्या मागचा तार जोडलेला गोल डबा फिरवून काढला आणि मला खांद्यावर आडवा धरला. “घ्या बाई, याच्या नरड्यातून म्हना. याले वीज लागत नाई.”

आणि मित्रांनो, सत्यभामाबाईंनी माझ्या निमुळत्या मानेला ओठ लावले.

काय सांगू तुम्हांला! तुळशीच्या पानाचा वास असलेला तो श्वास. मध्ये तार नाही, मशीन नाही. बाईंनी पांडुरंगाला हाक मारली आणि ती माझ्या अंगभर फिरून बाहेर पडली. अंबूबाई बाजेवर उठून बसली. मग बाईंनी पुलाचा राजा पुन्हा आणला, म्हशीसकट. इंद्रभान हसू लागला तसा मी त्याच्या खांद्यावर गदगदा हललो. दहीहंडी निंबाच्या फांदीलाच फुटली, आणि इंद्रभाननं काल्याचा एक घास काढून अंबूबाईला नेऊन दिला.

माइक त्या वेळी देवळात होता. डबीत. मखमलीत. मला त्याची दया आली असेल असं तुम्हांला वाटतं का? मुळीच नाही.

जिनची लाइन पुन्हा आली नाही. विजेचे सरकारी खांब गावात येईपर्यंत मंडळाचं प्रत्येक कीर्तन, प्रत्येक गोंधळ दोनदा व्हायचा, एकदा देवळात आणि एकदा निंबाखाली, माझ्यातून. खांब आले तसा माइक परत गादीपाशी गेला आणि मी झाडावर. आता तर मंडळाच्या खोलीत कोपऱ्यात पडून आहे, माझ्यात चिमणीनं घर केलं आहे. माइकवर अजून फडकं फिरतं. बघा, अजून जळतोच आहे मी.

पण मित्रांनो, एक मागणं आहे. चिमणीची पिलं उडाली की मला घासूनपुसून ठेवा, गंज खाऊ देऊ नका. कोणीतरी कोणाला तरी गादीवरून उतरवायला येईल, वीज जाईल, आणि पल्याडची एखादी म्हातारी कान लावून बसलेली असेल. तेव्हा मला खांद्यावर घ्या आणि नाला ओलांडा.