रविवारची भाकरी

गेला महिनाभर प्रविणच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. रामवाडीच्या हॉटेलातली तांदळाची भाकरी. तो रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत कामाला. दुसरी शिफ्ट असली की त्याचा जोडीदार जगन रामवाडीला कंपनीची बस येण्याआधी समोरच्या हॉटेलातून भाकऱ्यांचं पार्सल घ्यायचा, आणि रात्री आठला कॅन्टीनमध्ये दोघं डबे उघडून बसायचे.

"दुपारची भाकरी, आणि रात्री आठला रुमालासारखी घडी घाल!" प्रविण घरी येऊन सांगायचा. "तुझी? डब्यातनं काढली की वाजते."

शांती ऐकून घ्यायची. भांडी जरा जास्त जोरात ठेवायची, एवढंच. कारण हॉटेलातली ती भाकरीही तिचीच होती.

आता ही भानगड नीट सांगायला हवी. वढावच्या घरातून शांती रोज आठच्या एसटीने पेणला जायची ती पापडाच्या कारखान्यात पॅकिंगला, असं घरात सगळे धरून चालले होते. खोटं नव्हतं ते अगदीच. तिने तिथे अकरा दिवस काढले होते. बाराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिच्या डब्यातली हातावर थापलेली भाकरी बघून शेजारी बसलेल्या बाईने तिला रामवाडीच्या मनस्वीकडे नेलं. मनस्वी त्या हॉटेलची मालकीण, माहेरची घाटावरची, ज्वारीच्या हाताची. तांदळाचं पीठ तिला मुळीच दाद देत नव्हतं. शांतीने तिथल्या तिथे चार भाकऱ्या करून दाखवल्या आणि पापड तिथेच सुटले. त्याला आठ महिने झाले.

घरी सांगायची सोय नव्हती, कारण घरी काशीबाई होती. शांतीची सासू. नवरा गेल्यावर काशीबाईने पेणमधल्या एका घरी सतरा वर्षं स्वयंपाक केला होता. मागच्या दाराने आत जायचं, मागच्या दाराने बाहेर यायचं, आणि उरलंसुरलं पदराखाली झाकून आणायचं. प्रविणच्या लग्नात तिने भर मांडवात सांगितलं होतं, "माझी सून दुसऱ्याच्या चुलीपुढं बसणार नाय." त्यावर बायकांनी डोळे पुसले होते. आता त्या बोलण्यावर पाय कोण देणार?

आणि हात एकच असून घरची भाकरी वाजायची आणि हॉटेलातली का वाजायची नाही, हेही साधं होतं. घरी रेशनचं जुनं पीठ, पहाटे पाचची वेळ, पिंकीची वेणी, सासूचा चहा, आणि अंथरुणातून प्रविणचं "आटप गो, आटप." कसली उकड काढता? गरम पाण्याचा हबका मारायचा आणि थापायचं. हॉटेलात नव्या तांदळाचं पीठ होतं, पितळेचं पातेलं होतं, आणि उकडीला वाफ येईपर्यंत कुणी मानेवर बसत नव्हतं. तिथे तिला शांतीताई म्हणायचे.

शनिवारी संध्याकाळी प्रविणने जाहीर करून टाकलं. "उद्या सगळी जाऊ. आई, पिंकी, तू. खाऊन तरी बघ, भाकरी काय चीज असते ती."

 शांतीने बरीच कारणं काढली. उन्हं फार आहेत, पिंकीला खोकला आहे, रविवारी अलिबागला निघालेल्या मुंबईच्या गाड्यांची तिथे झुंबड असते. "तुना काय म्हाईत झुंबड असते?" काशीबाईने विचारलं. शांती भांडी घेऊन उठली. मग घरामागे जाऊन तिने मनस्वीला फोन लावला.

"वहिनी, उद्या आम्ही येतोय. ओळख दाखवू नका."

"आणि भाकरी? रविवारी तुला सुट्टी, मीच थापते, माहिताय ना?"

"उकडीला झाकण ठेवा. आणि कोरडं पीठ नका लावू, पाण्याचा हात घ्या," एवढं सांगून तिने फोन ठेवला. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झालं.

रविवारी दुपारी एकला हॉटेलबाहेर खरोखर झुंबड होती. नंबराच्या पाटीवर 'प्रविण, चार' लिहून ती चौघं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली. शांतीने पदर डोक्यावरून घेतला, मग वाटलं जास्तच दिसतोय, काढला, मग पुन्हा घेतला. रस्त्यावरून ट्रेलर गेला तरी ती दचकत होती. काशीबाई मात्र खुशीत. लग्न-बारशाखेरीज बाहेर जेवायची तिची ही तिसरी वेळ. माशावरून सारखी म्हणत होती, "जिताडं खाडीचं असंल तरच खाईन. तळ्यातलं मना लगेच कळतं."

नंबर लागला. आत महिपती होता, पन्नाशीचा वेटर, रोज शांतीच्या हातचा पहिला चतकोर खाणारा. त्याने टेबल पुसलं, तेच तेच पुन्हा पुसलं, आणि शांतीकडे न बघण्याची एवढी शर्थ केली की कुणालाही संशय यावा. "काय घेणार... ताई... म्हणजे, मॅडम?"

"मॅडम!" पिंकी फिदीफिदी हसली.

प्रविणने ऑर्डर दिली. जिताड्याचं कालवण, सुकट, चिकन, आणि आवाज चढवून, "भाकऱ्या आठ. गरम." मग तो बायकोकडे वळला. "आता बघ."

तेवढ्यात टेबलाखाली काहीतरी मऊ लागलं. हॉटेलचं करडं मांजर. शांती त्याला रोज भाकरीचा पापुद्रा टाकायची. ते सरळ येऊन तिच्या पायांवर बसलं आणि घुर्र घुर्र करायला लागलं. तिने पायाने ढकललं, ते दुप्पट प्रेमाने परतलं.

काशीबाई वाकून बघत म्हणाली, "एवढी माणसं सोडून तुझ्याकडंच कसं आलं गो?"

"मासळीचा वास येत असंल."

"मासळी अजून आलीच नाय."

शांतीने पाण्याचा अख्खा पेला रिकामा केला.  आत्ता उठून बाहेर जावं, एसटीत बसावं आणि थेट माहेर गाठावं, असं तिला खरोखर वाटलं.

मग कालवण आलं, आणि भाकऱ्या आल्या.

बघूनच शांतीला कळलं. पीठ लावून ओट्यावर थापलेल्या होत्या, ज्वारीसारख्या. जाड, काठाला तडे, मधे पांढरा कच्चा डाग. काशीबाईने एक उचलली, पालथी केली, ताटाच्या काठावर हलकेच आपटली. टक्क वाजली.

"हीच का रे ती रुमालावाणी?" तिने विचारलं.

प्रविणचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. महिनाभर गायलेल्या गाण्याची अशी फजिती, तीही आईसमोर, बायकोसमोर, पोरीसमोर. त्याने महिपतीला हाक मारली. महिपती म्हणाला, "रविवारी आमच्या भाकरीवाल्या ताई नसतात, साहेब. नेहमीची भाकरी—"

"मग रविवारी हॉटेल कशाला उघडता? बोलवा मालकाला!"

मालक नव्हता, मनस्वी आली. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर घाम, गॅससमोर चार तास उभी राहिलेली बाई. तिने शांतीकडे डोळा वर करूनही पाहिलं नाही. दिलेला शब्द पाळत होती बिचारी. "चुकलं, दादा. दुसऱ्या देते करून," ती म्हणाली.

"दुसऱ्या पण अशाच देणार! जमत नाय तर धंदा कशाला मांडायचा? लोकांना काय दगड खायला बोलावता?" प्रविणचा आवाज चढतच गेला. आजूबाजूच्या टेबलांवरचे घास थांबले. एकाने हसून मोबाइल काढला. मनस्वी मान खाली घालून उभी होती, ओढणीने हात पुसत.

 याच बाईने पहिल्या दिवशी शांतीला समोर बसवून अर्धा चहा दिला होता. पिंकीला ताप आला तेव्हा स्वतः थापत बसली होती आणि एक शब्द बोलली नव्हती. आता तिच्याच हॉटेलात, गिऱ्हाइकांसमोर, शांतीचाच नवरा तिला धुऊन काढत होता. आणि शांतीने फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की सगळं वाचत होतं. उद्याची आठची एसटी, शांतीताई, पितळेचं पातेलं. पण आपण एवढ्या हलक्या आहोत का, हा विचार तिला चटका लागावा तसा लागला.

"हात धुवून येते," ती म्हणाली आणि उठली. मांजर तिच्यामागून निघालं.

मोरी उजवीकडे होती. शांती डावीकडे, स्वयंपाकघराकडे वळली.

आत उकडीचं पातेलं उघडंच पडलं होतं. तिने ते बाजूला सारलं, नवं आधण ठेवलं, मीठ टाकलं, पीठ वैरलं, झाकण ठेवलं. वाफ येईपर्यंत थांबली. बाहेर प्रविणचा आवाज अजून येत होता, तरी तिने घाई केली नाही. मग मळून मऊ केलं, गोळा तोडला, पाण्याचा हात घेतला आणि दोन तळव्यांवर भाकरी फिरवायला लागली. खाडीकडच्या बायका ओट्यावर थापत नाहीत. भाकरी हातावरच वाढते, आणि काठाला बोटांची नक्षी उमटते. तव्यावर पडली, वरून पाणी फिरलं, उलटली, आचेवर टम्म फुगली. एक, दोन, पाच.

महिपती टोपली घ्यायला पुढे झाला. "द्या ताई, मी नेतो. तुम्ही जाऊन बसा गुपचूप. कुणाला काय कळत नाय."

खरंच कळलं नसतं. शांती क्षणभर टोपली धरून उभी राहिली. आठ महिने झाकत आलो, आणखी किती वर्षं झाकायचं, पदराखालच्या उरल्यासुरल्यासारखं?

"मीच नेते," ती म्हणाली.

प्रविणने टोपली बघितली, माणूस बघितलं नाही. वरची भाकरी उचलली, बोटं भाजत असतानाच मोडली, वाफ निघाली. "हीच! आई, हीच ती! घे, खा!" मग त्याची नजर टोपली धरलेल्या हातांवर गेली. हिरव्या बांगड्या, मनगटापर्यंत पीठ. आणि मग वर.

"भाकरीवाली ताई मीच," शांती म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "आठ महिने झाले. पापडाचं काम कधीच सुटलं. तुम्ही आता ज्या बाईला बोललात ना, तिनं मना काम दिलं. तिला काय बोलायचं असंल ते मना बोला."

पिंकीने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. मनस्वी हात पुसत आत निघून गेली. मांजर टेबलाखाली आपल्या जागी येऊन बसलं.

प्रविणने हातातली मोडलेली भाकरी ताटात ठेवली. मग जे बोलला ते फक्त नवराच बोलू शकतो. "मग घरी अशी का नाय करत?"

"घरी तुम्ही 'आटप' म्हणता," शांती म्हणाली. "इथं कुणी म्हणत नाय."

त्याने मान खाली घातली. शांतीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिचा जीव अडकला होता तो काशीबाईत. म्हातारी भाकरी हातात घेऊन काठावरचे ठसे एकेक करून बघत होती.

"दुसऱ्याच्या चुलीपुढं बसलीस," अखेर ती म्हणाली.

"व्हय, आई."

"कुठल्या दारानं आत जातेस?"

शांतीला प्रश्न लगेच कळला नाही. मग कळला, आणि डोळे भरून आले. "पुढच्या, आई. आत्ता आपण आलो त्याच."

काशीबाईने मोठा श्वास घेतला. भांडण संपलं नव्हतं, हे तिच्या कपाळावरच्या आठ्यांवरून दिसत होतं. "मांडवात बोलले होते मी. चार माणसांत. मना न सांगता केलंस, त्याचं घरी गेल्यावर बोलू," ती म्हणाली. "परविण, ऊठ. आत जा आणि त्या बाईला हात जोड." प्रविण उठला आणि खरंच आत गेला. मग काशीबाईने टोपलीच्या तळाची, सगळ्यात गरम भाकरी काढली, शांतीच्या ताटात टाकली, आणि वर कालवणातला जिताड्याचा मधला तुकडा ठेवला.

"बस गो. बारा वर्षांत तुला गरम भाकरी खाताना नाय बघितली मी."

शांती बसली. पहिला घास मोडला. बोटांना चटका बसला, आणि तिला कळेना की आपल्याच हातच्या भाकरीची ही चव आपल्याला आजवर ठाऊक कशी नव्हती. सगळ्यांचं आटोपल्यावर उरायची ती गार, वातड. तीच भाकरी, असं तिला वाटत आलं होतं.

तेवढ्यात आतून महिपतीने सवयीने हाळी दिली. "शांतीताई, सहा नंबरला चार भाकऱ्या! जरा आटपा!"

प्रविण नेमका तेव्हाच स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर येत होता. तो जागच्या जागी थांबला.

शांतीने तोंडातला घास सावकाश चावला, गिळला, आणि अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थांबायला सांगा त्यांना. मी जेवतेय."