‘पण’च्या आधी

घरात तिला सगळे वकीलबाई म्हणत. लहानपणापासून तिला बोलण्यात कुणी हरवलं नव्हतं. झोपायची वेळ असो की गणिताची शिकवणी, ती एकेक मुद्दा काढी, समोरच्याला खिंडीत गाठी आणि मगच गप्प बसे. शाळा संपल्यावर ती कायद्याला जाणार हे नातेवाइकांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. तिने मात्र शांतता आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाच्या पदवीला प्रवेश घेतला, तेव्हा मामाने मुद्दाम फोन केला. "म्हणजे नक्की काय? डोळे मिटून बसायचं वगैरे?"

आई दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. ती म्हणाली, "शांतता शिकायला तीन वर्षं? मी तुझ्या बाबांना दोन वाक्यांत शांत करते."

"ती शांतता नव्हे," बाबा वर्तमानपत्राच्या मागून म्हणाले. "ती शरणागती."

पहिल्या वर्षात तिला शांतता औषधालाही सापडली नाही. तह कसे मोडले, सीमा कशा आखल्या, निर्वासित कुणाला म्हणायचं, त्यावर संख्याशास्त्र आणि एक परकी भाषा. तिला हे सगळं आवडलं. पाठांतर पक्कं होतं, जीभ चालायची, आणि वर्गातल्या प्रत्येक वादात ती दुसऱ्याचा निकाल लावायची.

दुसऱ्या वर्षी वाटाघाटी शिकवायला मॅडम आल्या. पन्नाशी उलटलेल्या, बारीक चणीच्या, आवाज कायम बसलेला. शिकवायला लागण्याआधी त्यांनी कितीतरी वर्षं युद्धविरामावर देखरेख ठेवणाऱ्या पथकात काढली होती. गोळी सुटली की दोन्ही बाजूंच्या चौक्यांवर जायचं, काय झालं ते विचारायचं आणि पुन्हा सुटू नये म्हणून बोलत राहायचं, असं ते काम. मुलांनी खोदून खोदून विचारलं तरी त्या एवढंच म्हणत, "बहुतेक वेळ गाडीत बसून कंबर दुखायची."

त्यांच्या वर्गात एकच नियम होता. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं. तो "हो, हेच मला म्हणायचं होतं" म्हणाला तरच आपलं उत्तर द्यायचं. मासेमारीच्या हद्दीवरच्या एका सरावात वकीलबाईची गाठ लांब्याशी पडली. लांब्या म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, दारातून आत येताना सवयीने मान तुकवणारा. तिने त्याचं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, "नाही." पुन्हा सांगितलं. "नाही, असं नव्हे." तास संपला तरी बिचारीला स्वतःचा एकही मुद्दा मांडता आला नाही.

वर्ग रिकामा झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "तू त्याचं म्हणणं सांगत नाहीस. पाडायला सोपं पडेल असं करून सांगतेस."

तिला हे फार लागलं, कारण ते खरं होतं. त्या दिवसापासून ती मॅडमना डोळ्यांत तेल घालून बघू लागली. कुणी बोलताना त्या कधी मान डोलवत नसत, कधी घड्याळाकडे बघत नसत. वर्गातला सगळ्यात ढ मुलगाही त्यांच्याशी बोलताना नीट विचार करून बोलायचा. हे त्या कसं करतात ते तिला कळत नव्हतं.

वसतिगृहात लांब्याच्या खोलीत राहायचा डॉक्टर. वैद्यकीचं शिक्षण अर्ध्यात सोडून इकडे आला म्हणून हे नाव. दोघं शेजारशेजारच्या देशांतले, मध्ये एक डोंगररांग आणि तिच्यावर जुनं भांडण. इथे मात्र दोघं एकाच थाळीत जेवायचे आणि एकमेकांचे मोजे घालायचे. नव्या मुलांना विद्यापीठ दाखवायचं असलं की प्राध्यापक या दोघांना हमखास पुढे करत.

एका सकाळी बातमी आली. डोंगरावर रात्रभर तोफा चालल्या होत्या आणि डॉक्टरच्या गावातल्या बाजारावर गोळे पडले होते. त्याची आत्या त्याच बाजारात कापडाचं दुकान चालवायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. ती फोन उचलत नव्हती. आणि लांब्याचा थोरला भाऊ पलीकडच्या सैन्यात होता, त्याच डोंगरावर.

वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाला, "विचार तुझ्या भावाला, किती मारले."

लांब्याने त्याला ढकललं. डॉक्टर दारावर आदळला, काच फुटली आणि त्याचा हात मनगटापासून चिरला. वकीलबाई तिथेच उभी होती.

विभागप्रमुखांनी दोघांना घरी पाठवायचं ठरवलं. मॅडम त्यांच्या खोलीत गेल्या आणि थोड्या वेळाने बाहेर आल्या. "दुपारपुरते थांबायला तयार झालेत ते," त्या म्हणाल्या. मग वकीलबाईकडे वळल्या. "माझ्याबरोबर चल. तिसरं कुणीतरी हवं."

"मी काय करायचं?"

"बसायचं."

ग्रंथालयाच्या मागे फाटकी पुस्तकं शिवायची एक खोली होती. तिथे डिंकाचा वास कोंडलेला असे. मॅडमनी खिडकी उघडली, डॉक्टरच्या हाताची पट्टी नीट आहे ना ते पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "तुझ्या आत्याबद्दल मी तिकडच्या मदतपथकातल्या ओळखीच्या बाईंना फोन केलाय. त्या शोधतायत." मग लांब्याला म्हणाल्या, "तुझ्या भावाचं मात्र मला कळणार नाही. सैन्य सांगत नाही. उगाच धीर देणार नाही मी."

लांब्याने मान हलवली. वकीलबाईला वाटलं, हे असं तोंडावर कशाला सांगायचं. पण लांब्याचे खांदे जरा सैल पडलेले तिला दिसले.

मग नियम. लांब्याने डॉक्टरचं म्हणणं सांगायचं. "तुझ्या गावावर गोळे पडले, तुला दुःख झालंय, पण मी इथे..."

"‘पण’च्या आधी थांब," मॅडम म्हणाल्या.

"तुला दुःख झालंय."

"नाही," डॉक्टर म्हणाला.

"तुला राग आलाय."

"नाही."

हे बराच वेळ चाललं. मॅडम मध्ये पडेनात. वकीलबाईला ते बघवेना. तिला वाटलं, निदान खरं काय ते तरी समोर मांडावं. ती म्हणाली, "तसं पाहिलं तर युद्धविराम आधी मोडला तो..."

डॉक्टर उठला. खुर्ची मागे पडली. "कुणी मोडला ते सांग ना," तो म्हणाला. "आत्याला फोनवर सांगतो."

तो दारापर्यंत गेला. मॅडम वकीलबाईवर रागावल्या नाहीत. तिच्याकडे वळून नेहमीच्याच बसक्या आवाजात म्हणाल्या, "आता तू सांग. तो काय म्हणाला?"

सगळे मुद्दे, तारखा, कलमं डोक्यातून नाहीशी झाली होती. समोर नुसता तो मुलगा होता, दाराच्या मुठीवर पट्टी बांधलेला हात ठेवून उभा. ती म्हणाली, "कोण चुकलं हे तुला आत्ता ऐकायचंच नाहीये. आत्याने फोन उचलावा, एवढंच हवंय. आणि आम्ही सगळे अभ्यासाचा विषय मिळाल्यासारखे बोलतोय."

डॉक्टरने मागे न वळता "हो" म्हटलं. मग तो परत आला आणि खुर्ची उचलून बसला.

मॅडमनी लांब्याकडे पाहिलं. लांब्या आपल्या बुटांकडे बघत होता. तो म्हणाला, "तुला वाटतंय, भाऊ तिथे तोफेवर असताना मी तुझ्या थाळीत जेवत होतो, म्हणजे मी सगळा वेळ खोटाच होतो."

"हो," डॉक्टर म्हणाला. "हेच."

"आता तू," मॅडम त्याला म्हणाल्या.

डॉक्टरला बोलायला जड गेलं. त्याने दोनदा सुरुवात केली आणि थांबला. "तुझा भाऊ जिवंत आहे की नाही, हे तुलाही ठाऊक नाही," तो म्हणाला. "आणि मी सगळ्यांसमोर त्याने किती मारले याचा हिशेब तुझ्याकडे मागितला."

लांब्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो उंच मुलगा खुर्चीत दुमडून रडला. त्याला गप्प करायला कुणीच पुढे आलं नाही. मॅडम तेवढ्या आपल्या खुर्चीवरून उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

संध्याकाळपर्यंत ठरलं ते इतकंच. खोलीत तिकडची चित्रं आणि चित्रफिती कुणी लावायच्या नाहीत. एकाच्या घरची काही बातमी दुसऱ्याला आधी कळली, तर ती त्याने तोंडाने सांगायची, तिसऱ्याकरवी नाही. आणि झोपायला काही दिवस वेगवेगळ्या खोल्या. शेवटचं कलम डॉक्टरने मागितलं आणि लांब्याने मान्य केलं. वकीलबाईला ते वाईट वाटलं. दोघांनी एकमेकांना मिठी मारावी, असं तिला वाटत होतं. विभागप्रमुखांनी मात्र तेवढ्यावर दोघांना ठेवून घेतलं.

जिना उतरताना तिने विचारलं, "मॅडम, हे जमलं म्हणायचं का?"

"दोघं उद्या वर्गात येतील, असं वाटतं का तुला?"

"येतील."

"मग आजचं काम झालं." जिन्याच्या वळणावर त्या कठड्याला धरून थांबल्या. "मी माणसांना मित्र करत नाही ग. तेवढं मला येत नाही. पुन्हा बोलता येईल इतपत ठेवते. मधे बोललीस ते चुकलं तुझं. नंतरचं मात्र बरोबर होतं. माझी पहिली वर्षं याहून वाईट होती."

तिने आजवर वादात मिळवलेली सगळी बक्षिसं एका बाजूला आणि हे एक वाक्य दुसऱ्या बाजूला. तिने पर्स सावरण्याचं निमित्त करून डोळे पुसले.

आत्या सापडली. दुकान गेलं होतं, एक कान कायमचा बहिरा झाला होता, पण ती चुलत्याच्या घरी सुखरूप होती. मदतपथकाचा निरोप घेऊन मॅडम आल्या तेव्हा डॉक्टर हात धुवायला गेला होता. निरोप लांब्याला मिळाला आणि त्याने तो धावत जाऊन तोंडाने सांगितला. लांब्याच्या भावाची खबर यायला फार दिवस लागले. तो जिवंत होता, पण पाय गमावून आला होता. ते ऐकून डॉक्टर लांब्याच्या खोलीत गेला आणि अशा जखमेची काळजी कशी घ्यायची ते त्याला समजावत बसला. अर्धी राहिलेली वैद्यकी तिथे उपयोगी पडली. दोघं पहिल्यासारखे मित्र पुन्हा झाले नाहीत. पदवीच्या शेवटी मात्र दोघांनी मिळून प्रबंध लिहिला, सीमेवरच्या बाजारांबद्दल, आणि प्रत्येक पानावर भांडून लिहिला.

मामाने पुढच्या सुट्टीत पुन्हा विचारलं, "मग, काय शिकलीस तिथे?" वकीलबाईने त्याला मॅडमबद्दल सांगायला सुरुवात केली. मामा मधेमधे शंका काढत राहिला. ती त्याच्या शंका शांतपणे ऐकून घेत होती, हे पाहून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि हात पुसत तिथेच उभी राहिली.