ताईचे कापले गेलेले पैसे

धाकटीने कार्ड पुन्हा मशीनमध्ये घातलं. पहिल्यांदा आकडा बघताना आपलीच काहीतरी चूक झाली असेल, असं तिला वाटलं होतं. पण आकडा तोच आला. भाचीच्या फीसाठी लागणारे पैसे खात्यात नव्हते, निम्मेसुद्धा नव्हते. मागचा माणूस खाकरला तशी ती बाजूला झाली आणि काचेच्या दाराला टेकून उभी राहिली. 

खातं तिचं होतं, पण पैसे ताईचे. ताई दुसऱ्या गावात अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्या बाईंपाशी राहून त्यांचं सगळं करायची. तिची मुलगी धाकटीच्या घरी राहून नर्सिंग शिकत होती. ताई दर महिन्याला पैसे पाठवायची आणि म्हणायची, "माझ्याकडे राहिले तर खर्च होतील. तुझ्याकडे कसे कुलपात राहतात." धाकटी लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची. तिचा पगारही त्याच खात्यात यायचा. आपल्या पगाराएवढेच पैसे ती काढायची, ताईच्या पैशांना हात लावायची नाही. मग ते गेले कुठे?

संध्याकाळी भाचीने जेवताना विचारलं, "मावशी, फी भरायचं जमलं का गं?"

"मशीन बंद होतं," धाकटी म्हणाली. ती पाणी आणायला उठली.

थोड्या वेळाने ताईचा फोन आला. धाकटीने तो वाजू दिला. ताईने ज्या मुलीसाठी हाडं झिजवली, तिची फी भरायची राहिली तर ताई काय म्हणेल? पैसे खात्यातून आपोआप गेले यावर कोण विश्वास ठेवणार? तिने स्वतः तरी ठेवला असता का? घरात फ्रिज नवा आला होता. तो नवऱ्याने हप्त्यावर आणला होता, पण ताईला तो दिसणारच होता.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिने बँकेतून पासबुक भरून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या बाईला दाखवलं. तिला सगळे मास्तरीण म्हणायचे, कारण विचारलं नाही तरी ती समजावून सांगायची.

"हा बघ, विम्याचा हप्ता. विमा कधी काढलास तू?"

"मी कशाला काढू?"

"खातं उघडताना सह्या कुठे केल्यास?"

"बँकेतली मुलगी बोट ठेवील तिथे."

मास्तरीण कपाळावर हात मारून म्हणाली, "मग काढलास. फीचा आधीचा हप्ता तू भरलास ना, तेव्हा खातं रिकामं झालं. विम्याचे पैसे निघेनात, म्हणून दंड. शिल्लक कमी, म्हणून आणखी दंड. ताईने पैसे टाकले की आधी ते थकलेले दंड वसूल, मग पुन्हा हप्ता. जिवाचा विमा आहे म्हणे. कापलेले पैसे बघूनच तू मरशील, म्हणजे मिळेल तो!"

धाकटीला हसू आलं नाही. "परत मागता येतात?"

"मागून तर बघ. पण लेखी माग. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं."

रात्री नवऱ्याने ऐकून घेतलं आणि पाय पोटाशी घेत म्हणाला, "भीक नको पण कुत्रा आवर म्हणतात तसं होईल. उद्या त्यांनी तुझा पगारच अडवला तर? मी कोणाकडून उसने आणतो. ताईला कळायची गरज नाही."

उसने म्हणजे कोणाकडून, ते धाकटीला माहीत होतं. गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलवर बसून राहणाऱ्या सावकाराने मागे हप्ता चुकला म्हणून शेजाऱ्यांचा गॅस उचलून नेला होता. तिने नको म्हणून सांगितलं.

ती सकाळची पाळी बदलून बँकेत गेली. थंडगार हवेत तिच्या इस्त्रीच्या वासाचे कपडे तिलाच नकोसे वाटले. अर्ज मास्तरणीने सांगितला तसा लिहिला होता. खिडकीवरच्या मुलीने तो वाचला आणि तिला आतल्या साहेबांकडे पाठवलं.

साहेब आवाज न चढवता बोलत होते, त्याचीच जास्त भीती वाटत होती. "सही तुमचीच आहे ना?"

"हो. पण विम्याचं कोणी सांगितलं नाही."

"खात्यात हे दर महिन्याला कोणाचे पैसे येतात?"

"बहिणीचे."

"म्हणजे दुसऱ्याचे पैसे तुम्ही ठेवता." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. "तक्रार नोंदवली की खात्याची चौकशी होते. तोवर व्यवहार थांबूही शकतात. बघा, घाई नाही."

धाकटीने अर्ज परत घेतला. बाहेर पडताना तिला पायऱ्या दिसेनात. बहिणीचे पैसे ठेवणं हा गुन्हा असतो का, हे कोणाला विचारायचं? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच असावं. त्या दिवशी तिने दोन चादरी जाळल्या आणि मुकादमाची बोलणी खाल्ली.

मग तिने ताईला फोन केला. आणखी थांबली असती तर तोंडातून शब्द फुटला नसता. सगळं एका दमात सांगितलं. विमा, दंड, साहेब.  पलीकडे म्हाताऱ्या बाई कोणाला तरी हाका मारत होत्या.

"ताई?"

"ऐकतेय," ताई म्हणाली. "रविवारनंतर येते." आणि फोन ठेवला.

ते दिवस कसे गेले ते धाकटीलाच माहीत. जिन्यात पाऊल वाजलं की काळजात धस्स व्हायचं. आई गेल्यावर ताईनेच तिला वाढवलं होतं, तिची वेणी घातली होती, तिच्या लग्नात स्वतःच्या बांगड्या मोडल्या होत्या. ती रागावून ओरडली असती तर बरं झालं असतं. ते "ऐकतेय" धाकटीच्या कानातून जाईना.

ताई आली तेव्हा तिने चहाही घेतला नाही. "पासबुक दे." ती खिडकीपाशी उभी राहून पान पान बघत राहिली. तिने फ्रिजकडे एकदा पाहिलं. मग पदर खोचून म्हणाली, "चल."

"ताई, ते म्हणाले पगार अडकेल."

"अडकू दे. मी आहे ना."

साहेबांनी पुन्हा तेच सांगितलं. ताईने सगळं ऐकून घेतलं. टेबलाखाली तिने धाकटीचा हात घट्ट धरला होता. "साहेब," ताई म्हणाली, "पैसे माझे आहेत. माझ्या कष्टाचे. कोणाला चौकशी करायची असेल तर मी सांगेन कुठून आले. खातं थांबवणार असाल तर तेवढं लेखी द्या. नाहीतर अर्ज घ्या आणि पोच द्या."

साहेबांनी धाकटीकडे पाहिलं. "तुमचं खातं आहे. तुम्ही बोला."

धाकटीचा आवाज चिरका निघाला. "अर्ज घ्या."

लेखी काही मिळालं नाही, पण पोचेवर शिक्का मिळाला. ताईने म्हाताऱ्या बाईंच्या मुलाकडून पगाराची उचल घेऊन फी भरली आणि परत गेली. पगाराच्या दिवशी धाकटी मशीनसमोर उभी होती, पण बटण दाबायचा धीर होईना. मागच्या दोघांना तिने पुढे जाऊ दिलं. शेवटी डोळे मिटून दाबलं. नोटा मोजण्याचा आवाज आला आणि ती तिथेच रडायला लागली. खातं कोणीच थांबवलं नव्हतं.

महिना उलटला तरी उत्तर नव्हतं. मास्तरणीने पत्ता शोधून दिला आणि दुसरा अर्ज बँकेच्या वरच्या कार्यालयात गेला. त्यानंतर एका दुपारी फोनवर संदेश आला. विम्याचे हप्ते आणि त्यांच्यामुळे लागलेला दंड परत जमा झाला होता. कमी शिलकीचा दंड मात्र बँकेने ठेवून घेतला. तो नियमाप्रमाणे होता, असं त्यांचं म्हणणं पडलं.

धाकटीने लगेच ताईला फोन केला. ताईने आकडा विचारून घेतला.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "तू पहिल्यांदा सांगितलंस ना, तेव्हा मला वाटलं, तुम्ही दोघांनी वापरले. रात्रभर वाटलं."

"मला माहीत होतं," धाकटी म्हणाली.

"येतानासुद्धा वाटत होतं. पासबुक बघेपर्यंत."

 आपल्याला राग येईल असं धाकटीला वाटलं होतं, पण आला नाही. लाँड्रीत वाफ सुटली होती आणि मुकादम तिच्या नावाने ओरडत होता.

"पुढचे पैसे कुठे पाठवू?" ताईने विचारलं.

"तुझ्या पोरीच्या नावावर खातं उघडू. मी येईन तिच्याबरोबर. कोणी बोट ठेवलं तर आधी वाचून घेईन."

"बरं," ताई म्हणाली, आणि थोडं थांबून, "जेवलीस का?"