दारावर नुसतं ‘डॉ.’

“पाय काढ रे. अख्खी बस रिकामी आहे आणि तुला माझ्याच सीटवर पाय हवेत?” लोर्ना करवादली.

“मागच्या सीटा गार असतात,” टॅड म्हणाला.

“मे महिना आहे.”

“मग गरम असतात.”

मी समोरच्या आरशातून बघत होते. बस बेचाळीस जणांची, मुलं चार. तरी चौघं पुढच्या दोन रांगांत कोंबून बसलेली आणि सहा तास जागेवरून भांडतायत. आमच्या हार्लो गावाचा हा स्वभावच आहे. चहूकडे वीस-वीस मैल माणूस नाही, आणि शेजारणीची गाय कुंपणातून डोकावली की आमचा जीव गुदमरतो.

हार्लोच्या हायस्कूलचा यंदाचा शेवटच्या वर्षाचा वर्ग म्हणजे हे चौघं: लोर्ना बेक, टॅड ओल्सन, माझ्या बहिणीचा मुलगा रॉइस आणि मार्लिस कोलार. चार वर्षं बास्केटबॉलच्या सामन्यांना लाह्या आणि सॉसेजचे पाव विकून त्यांनी ही सहल कमावली होती. कुठे जायचं यावर गुप्त मतदान झालं. चार चिठ्ठ्या, चारही अक्षरं सगळ्यांच्या ओळखीची. टॅडला समुद्र हवा होता, लोर्नाला शिकागो. निकाल मात्र दरवर्षीचाच लागला: डोंगरात कोरलेले अमेरिकेचे ते चार दगडी अध्यक्ष. मीही माझ्या वर्गाबरोबर तिथेच गेले होते.

सोबत अमुंडसन सर होते. सर मुख्याध्यापक, इतिहासाचे शिक्षक आणि बास्केटबॉलचे प्रशिक्षक. पाच खेळाडूंच्या संघात चार मुलं आणि एक आशा घेऊन ते वर्ष काढतात. मी शाळेची स्वयंपाकीण आणि बसची ड्रायव्हर. शिवाय ‘परत या’ समितीची सभासद. ते कसं, ते सांगते.

आमच्या गावचा डॉक्टर वारला त्याला पस्तीस वर्षं झाली. दवाखाना तसाच आहे. रंगाऱ्याने दारावर नवं ‘डॉ.’ रंगवलं आणि पुढची जागा सोडून ठेवली, कारण नाव लवकरच कळणार होतं. अजून तिथे नुसतं ‘डॉ.’ आहे. दर दोन वर्षांनी त्यावर रंगाचा नवा हात फिरतो. डॉक्टर घडवावा म्हणून बायकांनी समिती काढली. दर हिवाळ्यात आम्ही एका गोधडीचा लिलाव करतो. ती समितीच्या प्रमुख, लोर्नाच्या आई मिसेस बेक घेतात आणि पुढच्या वर्षीच्या लिलावाला परत देतात. त्या पैशातून एका हुशार मुलाला शिकायला पाठवायचं. अट एकच. निरोपाच्या जेवणाला वर्गाचं भाकीत वाचतात, त्यात ‘डॉक्टर होऊन गावी परतला’ असं त्या मुलाचं नाव आलं की त्याने साऱ्या गावासमोर उभं राहून म्हणायचं, “कबूल.”

भाकीत म्हणजे वीस वर्षांनी कोण काय होणार ते. सहलीत सरांच्या टोपीतून चिठ्ठ्या काढतात आणि ज्याचं नाव निघेल त्याचं भविष्य लिहितात. आजवर हार्लोने तीन अंतराळवीर, दोन गव्हर्नर आणि सात सिनेनट्या दिल्यात. त्यातला एक गव्हर्नर धान्याच्या कोठारात वजनकाट्यावर बसतो. एक अंतराळवीर पेट्रोल पंप चालवतो, आणि त्याला शिडीवर चढलं की चक्कर येते.

डॉक्टर मात्र प्रत्येक भाकितात असतो. आमच्या वर्गाची डॉक्टर मी होते. उभी राहिले, कबूल म्हणाले, गेले. दीड वर्षाने आईला अर्धांगवायू झाला आणि मी परत आले. डॉक्टरकी तिकडेच राहिली. पण गेलेल्यांपैकी परतलेली मी एकटीच, म्हणून समितीत माझा मान मोठा. “व्हर्डाकडे बघा,” असं सांगतात. मुलं माझ्याकडे बघतात. मी त्यांना बटाटे वाढत असते.

यंदा नाव मार्लिसचं. पोरगी पहिली आली होती, आणि तिथेच घोटाळा झाला. विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीला वर्गातल्या वरच्या दहा टक्क्यांतलं मूल हवं. चारांतली पहिली म्हणजे वरच्या पंचवीस टक्क्यांत. सरांनी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्यात त्यांनी स्पष्टच विचारलं की मार्लिसचा कमरेपासून वरचा भाग तेवढा दहा टक्क्यांत बसतो, तो घेता का. उत्तर छापील आलं. म्हणजे आता गोधडीशिवाय तिला वाट नव्हती, आणि गोधडीला ‘कबूल’ लागत होतं. जेवण रविवारी होतं.

दगडी अध्यक्षांपाशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. तिथे दरवर्षी वर्गाचा फोटो काढतात, वर ते, खाली आपण. शाळेच्या व्हरांड्यात सगळे फोटो ओळीने लावलेत. आमच्यात एकोणीस होते. गेल्या वर्षी सात. यंदा पहिल्यांदाच वर चार आणि खाली चार आले.

“बघा, बरोबरी झाली,” सर खुशीत म्हणाले.

“पुढच्या वर्षी ते जिंकतील,” रॉइस म्हणाला.

पुढच्या वर्गात मूल एकच आहे. सरांनी ऐकलं नाही. शाळेच्या पुढच्या वर्षाबद्दल काही निघालं की सरांना कमी ऐकू येतं, तसं ते आम्हा सगळ्यांनाच येतं.

फोटोत मार्लिसचा चेहरा नीट आला नाही. ती खाली बघत होती. ती सहलभर खालीच बघत होती. आमच्याकडे वाळू आणि गवत, त्याखाली पुन्हा वाळू. हार्लोत दगड बघायचा तर स्मशानात जावं लागतं. इथे पोरीच्या पायाखाली सगळा दगडच. तिथल्या रखवालदाराला तिने तासभर धरून ठेवलं. हा काळा का, तो चमकतो का, हा आधीचा की तो. बिचाऱ्याला घरी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी निघताना ती बसमध्ये चढली तेव्हा तिची पिशवी पायरीवर आपटली.

“काय आहे त्यात?” मी विचारलं.

“कपडे.”

“लोखंडाचे शिवलेस का गं?”

तिने पिशवी उघडून दाखवली. आत वीस-पंचवीस दगड, एकेक मोज्यात घातलेला. पोरगी घरी अनवाणी जाणार होती.

“रखवालदाराला विचारून रस्त्याकडेचे घेतलेत,” ती म्हणाली. मग हळूच, “मिसेस कुबिक, हा किती जुना असेल सांगा.”

“माझ्याहून?”

“एकशे सत्तर कोटी वर्षं.”

“मग माझ्याहून थोडा जुना.”

ती हसली नाही. मोजा दोन्ही हातांत धरून माझ्या मागच्या सीटवर बसली. आरशात मला तिचं तोंड दिसत होतं. मी काही विचारलं नाही. समितीच्या सभासदाने विचारलं की उत्तर नोंदवावं लागतं, आणि मला ते नोंदवायचं नव्हतं.

अर्ध्या वाटेत एका झऱ्याकाठी लाकडी टेबलं होती, तिथे जेवायला थांबलो. हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, लोणच्याच्या काकड्या. खाताखाता रविवारच्या भाकितांची रंगीत तालीम. एका वर्षी एका पोराने मुख्याध्यापकांचंच भाकीत लिहिलं होतं, तेव्हापासून सर आधी कागद तपासतात आणि ऐकून घेतात.

लोर्नाने टॅडचं वाचलं. तो सैन्यात जनरल झाला होता आणि अजूनही लोकांच्या सीटवर पाय ठेवत होता. टॅडने रॉइसचं वाचलं. रॉइसने कोठार विकत घेऊन त्यावर हेलिकॉप्टर उतरवायची जागा केली होती. मार्लिसने लोर्नाला शिकागोत सतरा मजली दुकान दिलं होतं आणि सतराव्या मजल्यावर तिच्या एकटीसाठी बस, बेचाळीस सीटांची. लोर्ना एवढी खूश झाली की तिने टॅडला आपली काकडी दिली.

मग रॉइस उभा राहिला. त्याला मार्लिसची चिठ्ठी आली होती. तो कागदावरून मान वर न करता वाचू लागला.

“वीस वर्षांनी. डॉक्टर मार्लिस कोलार शिक्षण पुरं करून हार्लोला परतल्या आहेत. दवाखान्याच्या दारावर नाव पूर्ण झालं आहे. दवाखान्याबाहेर रांग आहे. शाळेत दोनशे मुलं आहेत.” तो थांबला. “सर, दोनशे तुम्ही घातलेत. मी लिहिलं नव्हतं.”

“शोभतं,” सर म्हणाले. “पुढे वाच.”

“पुढे काही नाही. संपलं.”

“छान. मार्लिस, आता उभी राहा. मिसेस बेक पहिल्या रांगेत असतील, त्यांच्याकडे बघायचं. आवाज मोठा.”

मार्लिस उभी राहिली. मी सॅलडचं भांडं धरून मिसेस बेकच्या जागी बसले होते, म्हणून तिने माझ्याकडे बघितलं. टॅडसुद्धा चावायचा थांबला.

“एकच शब्द आहे, बाळ,” सर म्हणाले. त्यांचा आवाज मघासारखा राहिला नव्हता. “नुसता शब्द आहे. पुढचं पुढे. तुझं शिक्षण तर होईल.”

“मिसेस कुबिक,” मार्लिस म्हणाली, “तुम्ही म्हणाला होतात ना? तेव्हा तुम्हाला खरंच परत यायचं होतं?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तीस वर्षं तयार होतं. आईला मी लागत होते, गाव आपलं आहे, जे झालं ते बरं झालं. समितीच्या प्रत्येक बैठकीत मी ते देते आणि बायका टाळ्या वाजवतात. रॉइस माझ्याकडे बघत होता, कारण त्याच्या घरी हे उत्तर जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखं पाठ आहे. मी भांडं खाली ठेवलं.

“नाही,” मी म्हणाले. “एक दिवसही नाही.”

“मावशी,” रॉइस पुटपुटला.

सरांनी टोपी काढली, आत बघितलं आणि पुन्हा घातली. आत चिठ्ठी उरली नव्हती.

मार्लिसने खिशातून एक मोजा काढून टेबलावर ठेवला. दगड लाकडावर ठक्क वाजला. तिने मान वर केली आणि मिसेस बेकच्या जागेकडे, म्हणजे माझ्याकडे बघत, सरांनी शिकवलं होतं तशा मोठ्या आवाजात सांगितलं.

“कबूल नाही, सर. मला डॉक्टर व्हायचं नाही, मला हे शिकायचंय. तुम्ही पाठवा नाहीतर नका पाठवू, मी जाणार. आणि मी परत येणार नाही.”