न नोंदवलेला चावा

फोटो तसा गोडच होता. गालिच्यावर आठ महिन्यांचं बाळ पालथं पडून हसतंय, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर डिझेल नावाचा कुत्रा डाराडूर झोपलाय. खाली ग्लेंडा फ्रीसनने लिहिलं होतं, "आमची ट्रिना आली कॅल्गरीहून, नातीला घेऊन. दोघांची गट्टी बघ कशी जमलीय."

आर्लीन हॉगनच्या तोंडचं पाणी पळालं. बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये, पिंजऱ्यांच्या खोलीबाहेर उभं राहून तिने तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. डिझेलचे डोळे मिटलेले होते. बाळाचा हात पुढे आलेला होता.

जागेपणी डिझेल म्हणजे गरीब गाय. कुणीही यावं, कान ओढावेत, तोंडातलं हाडूक काढून घ्यावं, हा आपला शेपूट हलवतोय. पण झोपेत हात लागला की संपलं. ना भुंकणं, ना गुरगुरणं, सरळ दात. शेल्टरवर हे दोनच माणसांना माहीत होतं. एक आर्लीन, आणि दुसरी स्टेफ्का.

स्टेफ्का म्हणजे एकाहत्तर वर्षांची स्वयंसेविका, नवरा गेल्यापासून शेल्टरवरच जीव लावून बसलेली. दीड महिन्यापूर्वी झोपलेल्या डिझेलच्या अंगावर ती पांघरूण घालायला गेली आणि त्याने तिचा हात कोपराखाली फोडला. रक्ताने टॉवेल भिजला. पण बाई ओरडली नाही. आधी तिने खोलीचं दार लावून घेतलं, मग आर्लीनला हाक मारली. दवाखान्यात तिने पत्र्याने कापलं म्हणून सांगितलं, आणि टाके घालणाऱ्या पोरसवदा डॉक्टरने ते ऐकून घेतलं.

"लिहू नकोस गं," गाडीत ती आर्लीनला म्हणाली होती. "लिहिलंस तर मारून टाकतील त्याला. चूक माझी. झोपलेल्याला शिवले मीच."

नियम साधा होता. कुत्रा माणसाला चावला की चोवीस तासांत पालिकेच्या अधिकाऱ्याला कळवायचं. दहा दिवस कुत्रा एकटा ठेवायचा. एका चाव्याची नोंद असलेला कुत्रा फारसं कुणी घरी नेत नाही, आणि दोन झाल्या की मरणाचं इंजेक्शन. आर्लीन अकरा वर्षं शेल्टरची प्रमुख होती, नियम तिला झोपेतही पाठ होता. तरी तिने लिहिलं नाही.

का नाही लिहिलं? लोक म्हणतील माया. माया होतीच, नाही असं नाही. पण खरं कारण भीती. आदल्या वर्षी एका चावऱ्या कुत्रीला इंजेक्शन द्यावं लागलं, तर गावाने आर्लीनला सळो की पळो करून सोडलं. फेसबुकवर खुनी म्हणाले. शेल्टरच्या फाटकाला कुणीतरी काळं कापड बांधलं. समितीतले दोघे राजीनामा देऊन मोकळे झाले, नऊ स्वयंसेवक निघून गेले, आणि पिंजरे धुवायला आर्लीन आणि स्टेफ्का दोघीच उरल्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. पुन्हा तेच नको म्हणून तिने तोंड मिटून घेतलं आणि डिझेलच्या कार्डावर लिहिलं, 'शांत घर हवं. लहान मुलं नसलेलं.' तीन आठवड्यांपूर्वी फ्रीसन जोडपं आलं आणि डिझेलला घरी घेऊन गेलं. ग्लेंडाचा नवरा नॉर्बर्ट निवृत्त, धान्याचा ट्रक चालवायचा. घरात दोघंच. आर्लीनला वाटलं, सुटले बाई.

आता तिने ग्लेंडाला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा निरोप ठेवायचा आवाज आला तेव्हा ती म्हणाली, "आर्लीन बोलतेय. बाळाला डिझेलपासून लांब ठेवा, मी निघालेच," आणि का ते न सांगताच तिने फोन ठेवून दिला. आवाज रेकॉर्ड होतो, हे तिला त्याही क्षणी आठवलं. तिची तिलाच लाज वाटली, पण पुन्हा फोन करून सांगायचं धाडस काही झालं नाही.

फ्रीसनांचं घर चाळीस किलोमीटरवर. मार्च महिना, बर्फ वितळून रस्त्याचा नुसता राडा झालेला. गाडीची मागची चाकं दोनदा घसरली, तरी तिने वेग कमी केला नाही. डोळ्यांसमोर स्टेफ्काचा हात येत होता. मोठ्या माणसाचा, जाड स्वेटरच्या बाहीतला हात, आणि तरी हाडापर्यंत गेलेला. बाळाचं तोंड केवढं असतं? डिझेलच्या जबड्यात अख्खं मावेल एवढं. काच खाली करून तिने थंड वारा तोंडावर घेतला आणि मोठ्याने म्हणाली, "देवा, मी पोचेपर्यंत त्याला झोपू देऊ नकोस." मग तिच्या लक्षात आलं, फोटोत तो झोपलेलाच होता.

त्या सगळ्या घाबरण्यात मनाचा एक कोपरा मात्र हिशेबी चालला होता. चावला नसेल, तर सांगायची काय गरज? म्हणायचं, एक लस राहिलीय. दोन दिवसांनी आणून सोडते म्हणायचं, आणि मग काहीतरी कारण काढून ठेवूनच घ्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. फ्रीसनांच्या घराकडे गाडी वळवेपर्यंत तिने सगळं वाक्य जुळवून ठेवलं होतं.

त्या भागात कुणी दार वाजवत बसत नाही. आर्लीन मागच्या दाराने चिखलाचे बूट काढून सरळ स्वयंपाकघरात शिरली. केक भाजल्याचा वास येत होता. ग्लेंडा टेबलाशी कॉफी ओतत होती, नॉर्बर्ट बाजूला बसलेला, आणि तिचा फोन आवाज बंद करून कोपऱ्यात चार्जिंगला लावलेला. पलीकडे बैठकीच्या खोलीत, सोफ्यावर बसून ट्रिना फोनवर व्हिडिओ काढत होती. आणि गालिच्यावर बाळ रांगत रांगत डिझेलकडे चाललं होतं. डिझेल कुशीवर झोपला होता, तोंड किंचित उघडं.

आर्लीन दारातच थबकली. ओरडावं तर तो दचकेल. धावावं तर जमीन हादरेल. बाळ आणि डिझेलच्या कानामध्ये दोन वीत अंतर होतं.

"अगं आर्लीन!" ग्लेंडा हसली. "बस की. आणि अशी पांढरीफटक का पडलीस?"

"लस," आर्लीन म्हणाली. जुळवलेलं वाक्य आपसूक बाहेर आलं. "त्याची एक लस राहिलीय, न्यायला आलेय. ट्रिना, बाळाला उचल. हळूच."

"लस कुत्र्याला ना?" ट्रिनाने फोनवरून नजर काढली नाही. "थांबा ना जरा, ती त्याला पापी देणार आहे."

बाळाने एक हात उचलला.

"तो चावतो," आर्लीन म्हणाली. आवाज एवढा खाली आला की तिचा तिलाच ओळखू येईना. "झोपेत हात लागला की चावतो. आमच्या बाईला चावलाय, टाके पडलेत. मला माहीत होतं. मी लिहिलं नाही. आता उचल तिला, तुझ्या पाया पडते."

ट्रिनाच्या हातातला फोन सोफ्यावर पडला. पुढच्या क्षणी बाळ तिच्या छातीशी होतं आणि ती भिंतीला टेकली होती. बाळ घाबरून रडायला लागलं. त्या आवाजाने डिझेलने डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिलं आणि ओळखीची माणसं दिसली म्हणून शेपटी गालिच्यावर आपटायला लागला.

आर्लीन जवळच्या खुर्चीत बसली. जीव भांड्यात पडला म्हणतात, तसं काही झालं नाही. आता शिव्या पडतील, ग्लेंडा धावून येईल, नॉर्बर्ट कोर्टाची भाषा करेल, याची ती वाट बघत राहिली. पण ग्लेंडा कॉफीच्या भांड्याकडे बघत होती. नॉर्बर्टने तर मानच खाली घातली होती.

ट्रिनाने ते बघितलं. तिने बापाकडे बघितलं, मग त्याच्या मनगटापर्यंत बटणं लावलेल्या बाह्यांकडे. हीटर चालू असलेल्या त्या घरात घरचे बाकी सगळे अर्ध्या बाह्यांत होते.

"बाबा," ती म्हणाली. "बाही वर करा."

नॉर्बर्टने केली नाही. ग्लेंडानेच पुढे होऊन बटण काढलं. आत पांढरी पट्टी होती, कडेला पिवळसर डाग.

"तो वाईट नाहीये गं," ग्लेंडा म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "बाबाच खुर्चीतून उठताना त्याच्यावर पडले. आम्ही आर्लीनला सांगितलं असतं तर मारून टाकलं असतं त्याला. म्हणून गप्प बसलो."

आर्लीनला वाटलं, ही स्टेफ्काच बोलतेय. तेच शब्द, तीच चूक आपल्या अंगावर घ्यायची घाई. आणि त्यानंतर जे वाटलं त्याने तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. हात फाटलेला असताना या दोघांनी नातीला त्या गालिच्यावर सोडलं होतं. प्रेमाने माणूस आंधळा होतो हे ती अकरा वर्षं बघत आली होती. एवढा आंधळा होतो, हे तिला आज कळलं.

"मी जवळच होते की," ग्लेंडा म्हणाली. "लक्ष होतं माझं."

"तुझी पाठ होती, आई." ट्रिनाने बाळाचं डोकं हाताने झाकून घेतलं होतं. "म्हणजे इथे तिघांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला." मग ती आर्लीनकडे वळली. "फोन करा. कुणाला करायचा असतो त्याला. इथेच, माझ्यासमोर, आवाज मोठा ठेवून."

आर्लीनने आधी डिझेलच्या गळ्यात पट्टा घातला आणि त्याला मागच्या खोलीत बांधलं. तो खुशीत गेला, फिरायला निघालोय अशा तोऱ्यात. दार लावताना तिला हुंदका आला. आता काय होणार हे तिला ठाऊक होतं, आणि ते तिच्याच तोंडून निघणार होतं. तिने पालिकेच्या अधिकाऱ्याचा नंबर लावला आणि स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला.

पलीकडचा माणूस शांतपणे एकेक गोष्ट विचारून लिहून घेत होता. कुत्र्याचं नाव. रंग. वजन. सध्या कुठे आहे. मग त्याने विचारलं, "एकूण किती वेळा चावलाय?"

"दोनदा," आर्लीन म्हणाली. "एकदा आमच्याकडे, एकदा इथे."

नॉर्बर्ट अजून खालीच बघत होता. तसंच बघत त्याने हात टेबलावर ठेवला आणि दोन बोटं वर केली. ग्लेंडाने डोळे मिटून घेतले.

"इथे दोनदा," आर्लीनने दुरुस्ती केली. "एकूण तीन."

कीबोर्डची टकटक ऐकू आली. यापैकी एकाचीही नोंद कशी नाही, असं त्याने विचारलं. नॉर्बर्टने पट्टीवर बाही ओढून घेतली. मग अधिकाऱ्याने पुढचा प्रश्न वाचला.

"घरात लहान मूल आहे का?"

आर्लीनने ट्रिनाकडे बघितलं. भिंतीपासून ट्रिना पुढे आली. बाळ तिच्या खांद्यावर रडून रडून दमलं होतं. ती फोनवर वाकली.

"आहे," ती म्हणाली. "अजून तरी आहे."