आधी पेशी, मग किरण

डॉक्टरीणबाईंनी बावीस वर्षं कर्करोगाच्या गाठींवर किरण सोडले आणि पुढची सहा प्रयोगशाळेत घालवली. रोग्याच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या, त्यांना रोग ओळखायला शिकवायचं, वाढवायचं आणि परत अंगात सोडायचं. पण पेशी आधी, किरण नंतर. कारण किरणांनी त्याच पेशी मरगळतात. हा नियम बाईंनीच लिहिला होता. आणि मोडला कोणी? त्यांनीच!

कर्करोग हाडांत उतरलेले शिंपीकाका याच उपचारासाठी कंबर धरून विव्हळत आले, तेव्हा बाईंचे हात शिवशिवले. जित्याची खोड! दुखतंय ना, द्या किरण. काका गाढ झोपले, बाई खूश. चार दिवसांनी पेशी काढल्या, तर त्या काही केल्या वाढेनात.

"आजारच चिवट आहे म्हणून सांगा," मदतनीस डॉक्टर म्हणाला. "कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना!" बाई खेकसल्या आणि तडक काकांकडे गेल्या.

सगळं ऐकून काका म्हणाले, "अहो, मीच ओरडत होतो, आत्ताच थांबवा म्हणून."

"तुम्ही ओरडणारच. नाही म्हणायचं काम माझं होतं. आता तीन आठवडे थांबून पुन्हा पेशी काढू. तोवर किरण नाहीत. आणि आजार तेवढा दम धरेल, असं मी सांगू शकत नाही."

काकू पुढे झाल्या. "ह्या वेळी ते कितीही ओरडले तरी नाही म्हणाल?"

"म्हणेन."

बोलणं सोपं होतं. दुसऱ्या आठवड्यात औषधं पुरी पडेनात. काकांनी उशी दातांत धरली, आणि त्याच काकूंनी बाईंचे हात धरले. "द्या हो एकदाच! मी बोलले ते विसरा." खाली किरणांचं यंत्र रिकामं होतं. दहा मिनिटांचं काम. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी त्या नाहीच म्हणाल्या. काकूंनी त्यांना नको नको ते ऐकवलं.

एकविसाव्या दिवशी पेशी काढल्या. पुढे पाच दिवसांनी प्रयोगशाळेतून निरोप आला: भराभर वाढताहेत, पुरून उरतील. बाईंनी कोणाला हाक मारली नाही. आता किरण द्यायला हरकत नव्हती. स्वतःच काकांची चाकाची खुर्ची ढकलत यंत्राकडे निघाल्या. काकू शेजारून चालत होत्या. दाराशी त्या थांबल्या.

"पुन्हा कधी अशी वेळ आली," त्या म्हणाल्या, "तर मी कितीही रडले तरी ऐकू नका."